शंका असेल तर न्हाई

आमच्या कंपनीत सकाळी अकराला चहा येतो. चहावाला प्रत्येक टेबलापाशी थांबायचा, फक्त एका टेबलापाशी थांबत नसे. तिथे अल्लाबक्ष मुलाणी, आमचे अल्लाबक्षमामा, बसत. पहिल्या दिवशी त्यांना विचारलं होतं, "मामा, चहा?" ते म्हणाले, "न्हाई." दुसऱ्या दिवशीही "न्हाई." तिसऱ्या दिवसापासून विचारणंच बंद झालं. गंमत अशी की मामांना चहा आवडायचा. घरी दिवसाला पाच कप लागतात, असं त्यांच्या बायकोने, रोशनबींनी, मला स्वतः सांगितलं. पण कंपनीच्या चहात साखर किती घालतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीला हा माणूस हो म्हणत नसे. बारा वर्षं त्यांनी चहावाचून काढली, आणि बारा वर्षांत साखर किती असते हे आमच्यापैकी कोणी त्यांना सांगितलं नाही.

मी राजेश्वरी. माझ्या हुद्द्याचं इंग्रजी नाव व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळी घेतं, पण कामं दोनच. आमचं यंत्र कसं वापरायचं याची शेतकऱ्यांसाठी मराठी पुस्तिका लिहायची, आणि नवीन यंत्र चालतं की नाही याचा फॉर्म भरायचा. दुसरं काम मला पहिल्यापेक्षा सोपं वाटायचं. त्यात फक्त खुणा करायच्या असतात.

कंपनीचं नाव हरितसूत्र. वराळ्याला एका गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर आम्ही पंधरा-सोळा जण बसतो आणि गुलाबाच्या पॉलीहाउससाठी कंट्रोलर बनवतो. हा एक डबा असतो. आत ऊन वाढलं की बाजूचे पडदे गुंडाळायचे, गारठा पडला की सोडायचे, ठरल्या वेळी ठिबकचं पाणी सुरू करायचं, एवढी कामं तो माणसाला न विचारता करतो. मालक अतुल सर. त्यांचा बंगला कुसगावला, कंपनी वराळ्याला आणि चित्त कायम कुठल्या तरी प्रदर्शनात.

मामा उर्शाचे. पूर्वी तळेगावात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीवर चिकटणारे टीव्ही आले, आणि बिघडलेला टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी लोक नवाच घ्यायला लागले. तेव्हा दुकान बंद करून मामा आमच्याकडे डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंगला लागले. वय तेव्हा अठ्ठेचाळीस. शिक्षण आयटीआय, तेही जुन्या काळातलं. डबा बंद पडला की तो का पडला हे विचारायची त्यांना खोड होती. विचारत विचारत ते तारांमधून चिपमध्ये शिरले आणि चिपमधून कर्नेलमध्ये. शिकवायला कोणी नव्हतं. एक इंजिनियर नोकरी सोडून गेला, त्याचा कॉम्प्युटर मामांच्या टेबलावर आला, आणि त्याच्यासोबत त्याचं कामही आलं. पगार मात्र सोल्डरिंगचाच राहिला.

कर्नेल म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते. पुस्तिकेत हे लिहायला मला अतुल सरांनी मनाई केली होती, इथे ते नाहीत. प्रत्येक डब्यात एक छोटा प्रोसेसर असतो, त्याच्यावर एक ऑपरेटिंग सिस्टीम चालते, आणि त्या सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नेल. तो आपल्या प्रोसेसरच्या मापाने बांधून घ्यावा लागतो, आणि बांधण्याआधी तो प्रश्न विचारतो. थोडेथोडके नाहीत, हजारो. अमकं हवं का? तमकं हवं का? उत्तरं तीनच: हो, नाही, किंवा सध्या बाजूला ठेवा, गरज लागली तर बोलावू. ज्याने घरच्या लग्नाची आमंत्रणाची यादी केली आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. प्रत्येक प्रश्नाखाली मदतीच्या चार ओळी असतात, आणि पुष्कळदा शेवटची ओळ एकच असते: खात्री नसेल तर नाही म्हणा.

मामांनी ही ओळ पहिल्यांदा वाचली तो दिवस मला आठवतो. डिक्शनरी उघडून त्यांनी एकेक शब्द लावला, मग चष्मा काढला आणि कधी नव्हे ते हसले. जन्मभर आपण जसं वागलो तसंच वागायला कोणीतरी परदेशात बसून छापून सांगतंय, याचा त्यांना फार धीर आला असावा.

गेल्या दसऱ्याला अतुल सर एका प्रदर्शनाहून नवा प्रोसेसर घेऊन आले. तोवर आमचे डबे आर्म घराण्याच्या प्रोसेसरवर चालायचे, हा रिस्क-फाइव्ह घराण्याचा. घराणं बदललं की कर्नेल नव्याने बांधायचा, सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. यासाठी सरांनी गौरव नावाचा सव्वीस वर्षांचा इंजिनियर नेमला होता. गौरव वाईट मुलगा नाही, त्याला कोणाला नाही म्हणता येत नाही इतकंच. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी उत्तरांची एक तयार यादी दिली होती, तिच्यात बहुतेक सगळ्याला हो होतं. गौरवने ती उचलली आणि जेवणाच्या सुट्टीआधी कर्नेल बांधून मोकळा झाला. चालला. मोठा मात्र इतका झाला की नव्या बोर्डावर त्याच्यासाठी राखलेल्या तीन मेगाबाइट जागेत तो मावेना. मग गौरवने जास्त मेमरीचा बोर्ड मागवला, आणि सर त्यालाही हो म्हणाले.

तेव्हा अल्लाबक्षमामा उठले आणि सरांच्या केबिनच्या दारात उभे राहिले. मी आतच होते.

"सर, मला रिटायर व्हायला तीन महिनं हायेत. हे मी बांधतो. तीन मेगाबाइटात बशिवतो."

"मामा, गौरवचं झालंय की."

"झालं आसंल. पन तीस वर्सं मी दुसऱ्यानं बनिवल्याली यंत्रं दुरुस्त केली. एक तरी माज्या हातचं उभं ऱ्हाऊ द्या."

बारा वर्षांत मामांच्या तोंडून एवढं लांब बोलणं कोणी ऐकलं नव्हतं. सरही गडबडले. म्हणाले, "ठीक आहे. भागुबाईंच्या तिसऱ्या भागात तुमचा कर्नेल लावून बघू. चालला तर मार्चमध्ये जी चाळीस यंत्रं जायची आहेत, ती सगळी तुमच्या कर्नेलवर."

भागुबाई ओव्हाळ वराळ्याच्याच. त्यांचं गुलाबाचं पॉलीहाउस तीन भागांत आहे आणि आमच्या प्रत्येक नव्या डब्याची पहिली चाचणी त्यांच्याकडे होते. त्या कंपनीपासून चालत दहा मिनिटांवर राहतात, हे त्यामागचं शास्त्रीय कारण.

मामांनी दोनशे पानी वही आणली. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, आणि कुठे कुठे कारणही. तयार यादीला त्यांनी हात लावला नाही. सगळ्याला नाही म्हणून सुरुवात केली आणि ज्याच्यावाचून अडेल त्यालाच हो म्हणत गेले. येता-जाता मी त्यांच्या वहीत डोकावायची. आवाजाचं कार्ड: न्हाई. व्हिडिओ गेमची दांडी: न्हाई. एकाहून जास्त प्रोसेसरांना एकत्र नांदवायची सोय: न्हाई, हितं डोकं एकच हाय. दुसऱ्या कंपन्यांच्या चिपांमधल्या चुका सांभाळून घ्यायची सोय: न्हाई, आपल्या काय कमी हायेत? अपूर्णांकांच्या गणितापाशी ते तीन दिवस अडले. चिपमध्ये त्याची सोय आहे की नाही हे हजार पानांच्या माहितीपुस्तकात शोधत होते. शेवटी सापडलं, आणि तिथे ठळक अक्षरांत व्हय आलं. गौरव एकदा त्यांच्या खांद्यावरून बघून म्हणाला, "मामा, एवढं कोण वाचतं?" मामा म्हणाले, "मी."

डिसेंबरच्या शेवटी एका दुपारी मी डबा खात होते, तेव्हा मामा समोर येऊन उभे राहिले.

"ताई, हितं एक इचारलंय. पुढचे काही पर्याय बघायचे आसतील तर तुमी जाणकार आसाय पायजे. जाणकार आसाल तर व्हय म्हना, म्हंजी ते दिसतील. काय लिवू?"

मला हसू आलं. "लिहा की हो."

"शंका हाय."

"कसली शंका?"

"मी हाय का, ह्याची."

आणि ते निघून गेले. काय तरी एकेकाचं, असं मनाशी म्हणून मी लोणच्याची फोड उचलली. ते पर्याय कसले, हेही विचारलं नाही. दोन दिवस मामांचं काम जागच्या जागी होतं. तिसऱ्या दिवशी ते पुढे सरकलं, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तीन मेगाबाइटात बसलेला त्यांचा कर्नेल भागुबाईंच्या तिसऱ्या भागातल्या डब्यात लागला. मामांनी स्वतः जाऊन लावला, खांबाला तार आवळून बांधला आणि परत येऊन टेबलाशी बसले.

तेरा जानेवारीला सकाळी नऊला चाचणी होती. सर, गौरव आणि मी निघालो. सरांनी मामांना विचारलं, "येताय ना?" मामा म्हणाले, "न्हाई." त्याचं कारण मला ठाऊक होतं. आधीच्या प्रत्येक चाचणीला सरांनी लोकांशी त्यांची ओळख "हे आमचे वायरमनमामा" अशी करून दिली होती.

मावळातली जानेवारीतली सकाळ. पॉलीहाउसच्या प्लास्टिकवरून दव गळत होतं. दाराशी जंतुनाशकाच्या पाण्यात पाय बुडवून आम्ही आत गेलो. भागुबाईंनी "जयभीम" केला आणि स्टीलच्या ग्लासांत गरम चहा आणून दिला. गौरवने लॅपटॉपची तार डब्याला जोडली. आमच्या कुठल्याही डब्याला तार जोडून तो सुरू केला, की स्क्रीनवर संदेशांच्या ओळी भराभर पळायला लागतात: प्रोसेसर सापडला, मेमरी सापडली, अमुक सुरू, तमुक सुरू. पाहुण्यांना त्यातलं अक्षरही कळत नाही, पण त्या ओळी पळताना बघून त्यांचे चेहरे खुलतात. गौरवने डबा बंद करून चालू केला. स्क्रीन काळी ती काळीच.

पुन्हा बंद, पुन्हा चालू. तार बदलली. लॅपटॉप बदलला. डब्यावरचा हिरवा दिवा नुसता लागून राहिला होता, नेहमीसारखा लुकलुकत नव्हता. तो दिवा काय, वीज आली की लागतोच. पंधरा मिनिटं आम्ही तिघं काळ्या स्क्रीनकडे बघत उभे होतो. सरांच्या हातातला गरम चहाचा ग्लास उष्णता मोजणाऱ्या सेन्सरपासून वीतभर अंतरावर होता. ही वीत मी पुढे पुष्कळदा आठवली आहे.

"गेलं हे," सर म्हणाले. "गौरव, आठवडाभरात तिन्ही भागांत तुझंच लाव."

"हो सर," गौरव म्हणाला.

माझ्या फॉर्मवर चार प्रश्न होते आणि चारही स्क्रीनवर काय दिसलं याबद्दल होते. मीच तयार केला होता तो फॉर्म. चारही ठिकाणी मी 'प्रतिसाद नाही' लिहिलं, खाली सही केली, 'तज्ज्ञाची सही' असं लिहिलेल्या चौकटीत सरांची सही घेतली, आणि फोनवरून त्याचा फोटो सगळ्यांना पाठवला. बाजूचे पडदे बंद होते. एवढ्या गारठ्यात ते बंदच असायला हवेत, आणि यंत्र चांगलं असेल तर ते अशा वेळी काहीच करणार नाही, हे मीच पुस्तिकेत पान सातवर लिहिलं आहे.

दुपारी मामा माझ्या टेबलाशी आले. आपणहून आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"ताई, मी स्क्रीनवरचं निरोप बंद केल्यात. जागा पुरंना म्हनून. ते बोलनार न्हाई, दिवा लुकलुकनार न्हाई. पन चालू हाय. स्क्रीनकडं नगा बगू, ऊन चढल्यावर बाजूच्या पडद्याकडं बगा."

"बघते हं मामा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती, घरी गुळाच्या पोळ्या करायच्या होत्या, आणि फॉर्म तर गेलेलाच होता. शिवाय मला वाटलं, ज्याचं यंत्र बंद पडतं तो प्रत्येक जण ते चालू आहे असंच म्हणतो. मी बघितलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि ती वाटावी म्हणूनच लिहिते आहे.

मामा ते पुन्हा बोलले नाहीत. दुकानात असतानाही ते गिऱ्हाइकाला बिघाड एकदाच सांगत. पटला तर ठीक, नाही तर सेट परत. चाळीस यंत्रांवर गौरवचा कर्नेल जाणार हे सरांनी पाटीवर लिहिलं, तेव्हा मामा पाटीकडे पाठ करून डाग देत होते.

एकतीस जानेवारीला त्यांचा निरोपसमारंभ झाला. सरांच्या ओळखीचं एक रिसॉर्ट कुसगावला आहे, तिथे. मामांना शाल, श्रीफळ आणि मनगटी स्मार्ट घड्याळ दिलं. दर दहा मिनिटांनी गुरगुरून उठा, चाला, पाणी प्या, असं सांगणारं. गौरवने ते त्यांच्या हातावर बांधलं. सर बोलले, मीही बोलले, मामा म्हणजे कंपनीचा पाया वगैरे. मग सर म्हणाले, "मामा, दोन शब्द?" मामा म्हणाले, "न्हाई." सगळे हसले. टाळ्याही पडल्या.

निघताना त्यांनी पिशवीतून ती वही काढून मला दिली. "तुमास्नी पुस्तक लिवाय उपेगी पडंल." मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली. त्या ड्रॉवरमध्ये मी कंपनीच्या दिवाळीच्या भेटकार्डांशिवाय काही ठेवत नाही.

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला पुस्तिकेसाठी फोटो काढायला मी भागुबाईंकडे गेले. त्याआधी जाणं शक्यच नव्हतं. चौदा फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाइन डेचा माल परदेशी जायचा असतो, त्यामुळे पंचवीस जानेवारीपासून तोडणी संपेपर्यंत भागुबाई पॉलीहाउसला कुलूप घालतात. त्यांच्या मजूरबायका सोडून कोणालाही आत घेत नाहीत. बाहेरचा माणूस पायाला आणि कपड्याला किडी घेऊन येतो, असं त्यांचं म्हणणं. मागे एकदा एक मोठे अधिकारी दारात अर्धा तास उभे राहून परत गेले होते.

तिसऱ्या भागात गेले आणि थबकले. खांबावर डबा होता, तार आवळून बांधलेला. गौरव तार अशी आवळत नाही. त्याने चोवीस तारखेपर्यंत दोन डबे बदलले होते आणि तिसरा बदलायला गेला तेव्हा कुलूप लागलेलं होतं. रजिस्टरवर मात्र तिन्हींपुढे 'बदलला' होतं, कारण सरांनी झालं का म्हणून विचारलं होतं आणि तो हो म्हणाला होता.

"मावशी, हे जुनंच आहे?"

"मुलाणीभाऊंचं हाय," भागुबाई म्हणाल्या. "तुमचं पोरगं आलतं बदलाया. मी म्हनलं, चालतंय त्याला तोडणीत हात लावायचा न्हाई."

"चालतंय?"

भागुबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शहाणी आहे की नाही याची त्यांना शंका आली असावी. हातातला चहाचा ग्लास त्यांनी सेन्सरच्या झाकणाला टेकवला. मनात पाच-सहा अंक मोजले असतील-नसतील, डब्यात टक् झालं, मोटर घुमली आणि बाजूचा पडदा गुंडाळत वर जायला लागला. ग्लास बाजूला घेतला. थोड्या वेळाने पुन्हा टक्, पडदा खाली.

"रोज सकाळी दावते त्याला चा," त्या म्हणाल्या. "म्हयना झाला, एक दिस चुकलं न्हाई. लय गुनाचं हाय. त्या दोन डब्यांवानी उगा दिवं मिचकावत न्हाई."

मी तशीच मागे फिरले, ड्रॉवर उघडला, भेटकार्डं बाजूला सारली आणि वही काढली. शेवटून तिसरं पान. जाणकार: व्हय. त्यापुढे कंसात: नाइलाजानं. त्याखाली संदेशांचा पर्याय. मदतीच्या ओळींत शेवटी लिहिलं होतं की इथे नाही म्हणू नका, आमचं कळकळीचं सांगणं आहे. बारा वर्षांत मामांनी पहिल्यांदाच मदतीच्या ओळीचं ऐकलं नव्हतं. निरोप: न्हाई. दोनशे किलोबाइट वाचत्यात. पॉलीहाउसात ऐकाय कोन बसलंय? आणि दिव्यापुढे: लुकलुकनं, न्हाई. कुनाला दावायचंय?

वही घेऊन मी सरांकडे गेले. सर उडालेच. स्वतः भागुबाईंकडे गेले, चहाचा ग्लास टेकवून चार वेळा पडदा वर-खाली केला. "तीन मेगाबाइटात!" असं दोनदा म्हणाले. मग लॅपटॉप जोडला. काळी स्क्रीन बघून त्यांचा उत्साह जरा ओसरला.

"पण ग्राहकाला दाखवायचं काय?"

"सर, पडदा उघडतो ना."

"तो उघडतो हो. पण यंत्र चालू आहे हे कळणार कसं?"

सरांनी गौरवला सांगितलं, सगळं मामांचं ठेव, फक्त संदेश चालू कर. गौरव हो म्हणाला. संदेश चालू केल्यावर कर्नेल तीन मेगाबाइटात मावेना. मग पुन्हा मोठ्या मेमरीचाच बोर्ड घ्यायचं ठरलं, आणि तो घ्यायचाच तर गौरवचा कर्नेल तयारच होता. चाळीस यंत्रं मार्चमध्ये गेली. सगळी उत्तम चालतात, सगळ्यांचे दिवे लुकलुकतात. मामांचं एकच राहिलं, भागुबाईंच्या तिसऱ्या भागातलं.

ती चाळीस यंत्रं गेल्यावर आलेल्या रविवारी मी उर्शाला गेले. टोलनाक्याच्या अलीकडे वळलं की गाड्यांचा आवाज मागे राहतो आणि मामांचं घर येतं. रोशनबींनी दार उघडलं, चहा टाकला. मामा अंगणात एक जुना रेडिओ उघडून बसले होते. मनगटावर ते घड्याळ होतं, गुरगुरत नव्हतं. त्याची सगळी बोलणी त्यांनी बंद केली होती, आता ते फक्त वेळ दाखवत होतं.

मी एका दमात सगळं सांगितलं. डबा, कुलूप, चहाचा ग्लास, आणि चाळीस यंत्रांचं काय झालं तेही. वाटलं होतं की मामा चकित होतील. ते स्क्रू फिरवत राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. गुरुवारी बाजाराला जातो तवा भागुबाईच्या कुंपनापाशी उभा ऱ्हातो. पडद्याची मोटर ऐकू येती."

"दर गुरुवारी? मग मामा, सांगितलं का नाही तुम्ही?"

मामांनी पहिल्यांदा वर बघितलं. आवाजात राग नव्हता, नुसतं स्मरण होतं.

"सांगितलंतं की, ताई. तुमाला. संक्रांतीच्या आदल्या दिशी."

रोशनबींनी चहा आणला. मामांनी ग्लास उचलला, मी नुसता धरून ठेवला. रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही, त्याचाही राग आला. मग पिशवीतून मी आणलेला कागद काढला. नवा फॉर्म होता, एकाच यंत्राचा: वराळे, भागुबाई ओव्हाळ, तिसरा भाग. स्क्रीनबद्दलचे चारही प्रश्न मी काढून टाकले होते. ज्याने बांधलं त्याला विचारलं का? हो, माझ्या अक्षरात. यंत्र चालू आहे का? हो. खाली माझी सही आणि तिच्या शेजारी ती चौकट, 'तज्ज्ञाची सही'.

कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. त्यांनी चष्मा पुसला, प्रत्येक ओळ वाचली. चौकटीपाशी बोट थांबलं.

"हितं सर करत्यात सही."

"या वेळी तुम्ही करायची."

मामा त्या शब्दाकडे बघत राहिले. डिसेंबरात 'जाणकार' या शब्दाकडेही बहुधा असेच दोन दिवस बघत बसले असतील. तेव्हा मी लोणचं खात होते. या वेळी मी विचारलं.

"शंका आहे का, मामा?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"न्हाई," म्हणाले, आणि सही केली.